बेचाळिसावं घर

३ जानेवारी

प्रिय फ्यूजकाका,

परवा फोन केला तर तुम्ही तीनदा ‘कोण बोलतंय?’ विचारलंत आणि चौथ्यांदा ‘इथे असं कुणी राहत नाही’ म्हणून ठेवून दिलात. सख्ख्या पुतणीला! कान तपासून घ्या म्हटलं तर ऐकत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणूनच तर तपासायचेत. तेव्हा आता आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की मी गाडी घेतली. विजेवर चालणारी. दुसऱ्याच्या हातची आहे, पण ठणठणीत. रोज आठ-नऊ पेशंटच्या घरी जायचं, कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन. स्कूटरवर पाठ पार कामातून गेली होती. गाडीबरोबर भिंतीवर लावायचा चार्जरही मिळालाय. घराची सगळी वायरिंग तुमच्या हातची, त्यामुळे तुम्हाला विचारल्याशिवाय भिंतीला भोक पाडायची माझी हिंमत नाही. काय काय लागेल ते लिहा. मला कळेल असं लिहा, नाहीतर दोन ओळींत तुमचे अँपिअर आणि व्होल्ट सुरू होतात आणि मला जांभया.

आई बरी आहे. म्हणजे तशीच आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण अजून मी आंघोळीला गेले की ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसते आणि दर दोन मिनिटांनी ‘आहेस ना गं?’ विचारते. कडी लावू देत नाही. मी एकदा चिडून म्हटलं, “बाबांचं हृदय बंद पडलं, त्यात बाथरूमचा काय दोष?” तर तिनं खुर्ची आणखी दाराजवळ ओढली. तो गीझर तर तेव्हापासून तिनं लावूच दिलेला नाही. पाणी गॅसवर तापवतो. तुम्ही येऊन चार दिवस राहिलात तर तिला बरं वाटेल. तुमच्याशी बोलताना ती हसते तरी.

तुमची
ठिणगी


९ जानेवारी

ठिणगे,

गाडी घेतलीस, झकास केलंस. चौथ्या वर्षी केसांतली पिन सॉकेटात घालून तू घरभर अंधार केलास, तेव्हाच दादाला म्हटलं होतं, या पोरीचं आणि विजेचं जमणार. तुझं नाव तेव्हा पडलं ते पडलंच.

मी सातवी शिकलेला माणूस. पण तुझं पत्र आलं आणि नियमांचं नवं पुस्तक मागवून घेतलं. दोन दिवस भिंग डोळ्याला लावून बसलोय. खोलीमागचा लेथवाला म्हणतो, काका, परीक्षा आहे का? म्हटलं, आहे, पुतणीनं घेतलीय.

आता नीट वाच. चार्जर म्हणजे मोबाइलचा मोठा भाऊ नव्हे. मिक्सर दोन मिनिटं चालतो, इस्त्री दहा. हा बाबा सलग सात-आठ तास ओढतो. म्हणून त्याला थेट मीटरपासून स्वतंत्र लाइन लागते. त्या लाइनीवर दुसरं काहीही नाही, दारावरची घंटासुद्धा नाही. जे तासन्‌तास चालतं त्याला सव्वापट ऐसपैस जागा द्यायची असा नियम आहे: चार्जर बत्तीस अँपिअरचा असेल तर ब्रेकर चाळीसचा, आणि केबल तांब्याची, दहा चौरस मिलिमीटर जाडीची. (जांभई आली का? तोंडावर पाणी मार आणि पुढं वाच.) एक्स्टेन्शन बोर्ड लावलास तर मी तिथं येऊन तुझा कान धरीन. वीज कंपनीत अर्ज करून घराचा मंजूर भार वाढवून घे. आणि गळती झाली की पापणी लवायच्या आत लाइन तोडणारं जे उपकरण असतं, ते गाडीच्या चार्जरसाठी वेगळ्या जातीचं येतं. साधं लावून तुझी बोळवण करू देऊ नकोस. काम लायसन्सवाल्याकडूनच करून घे, त्याची सही घे, मगच गाडीला लाव.

राहिलं अर्थिंग. ते मी शेवटी लिहितोय, पण माझ्या लेखी ते पहिलं. यंत्रात बिघाड होऊन वीज त्याच्या पत्र्यात उतरली तर तिला जमिनीत जायला सरळ वाट हवी. ती नसेल तर वीज माणसातून वाट काढते. तुमच्या घराला ही वाट मी नळाच्या पाइपातून दिलीय. अंगणातून जमिनीखालून येणारा जाड लोखंडी पाइप आहे बघ, त्यावर तांब्याची पट्टी आवळून तार जोडलीय. त्या काळी सगळेच तसं करायचे, पुस्तकही चालू द्यायचं. आता पुस्तक साफ नाही म्हणतं. तेव्हा गाडीच्या निमित्तानं अंगणात वेगळा खड्डा खणून त्यात अर्थिंगची सळई पुरून घ्या. सगळं घर त्याच्यावर आणा.

जाता-येता त्या पट्टीकडे नजर टाक आणि कशी आहे ते कळव. काम उरकलं की मी येतो. वहिनींना म्हणावं, माझा तो दांडी तुटलेला कप फेकला असेल तर मी कपाशिवाय चहा पिणार नाही, सरळ पातेलं तोंडाला लावीन.

तुझा
फ्यूजकाका


१८ जानेवारी

प्रिय काका,

कप आहे. आईनं तो कपाटात मागं ठेवलाय आणि कुणाला वापरू देत नाही.

तुमचं पत्र मी चार्जर बसवणाऱ्याला दाखवलं. तो हसला. म्हणाला, “मॅडम, जुनी माणसं फार घाबरवतात.” पण केबल तुम्ही सांगितली तीच आणायला लावली, स्वतंत्र लाइनही ओढून घेतली, भाराचा अर्जही मंजूर झाला. आमच्या घरात तुमच्या पत्राचं इतकं चालतं हे बघून त्याचं तोंड वाकडं झालं.

खड्ड्याचं मात्र तो नको म्हणतो. अंगणातली फरशी फोडावी लागेल, चार दिवस जातील, आणि घराला अर्थिंग आहेच की. मलाही रजा नाही. पण काल त्यानं चार्जर लावून बघितला तर लाल दिवा लागतो आणि काही केल्या सुरूच होत नाही. तो म्हणाला, काहीतरी किरकोळ आहे, दोन-तीन दिवसांत येऊन बघतो.

तुमची पट्टी मी पाहिली. हिरवीगार झालीय, पण घट्ट आहे. भिंतीपाशी हातभर पाइप लोखंडी दिसतो, त्याच्यापुढं अंगणातला सगळा काळा प्लास्टिकचा आहे. नळाला गंजाचं लाल पाणी यायचं म्हणून बाबांनी बदलून घेतला होता, ते जायच्या दोन-अडीच महिने आधी. प्लंबर चांगला भेटला म्हणून किती खूश होते! घरात येईल त्याला पेला भरून दाखवायचे, “बघा, कसं काचेसारखं पाणी!” मला आठवून आत्ता हसू आलं आणि मग रडू आलं.

तुमची
ठिणगी


२३ जानेवारी

ठिणगे,

पत्र पोचलं.

तो लाल दिवा किरकोळ नाही. खड्डा खणल्याशिवाय चार्जर सुरू करायचा नाही. फरशी फुटली तर फुटू दे.

दुसरं, तो गीझर अजून भिंतीवर असेल तर त्याचं बटण चुकूनही दाबू नका. त्याच्या तारा सोडवून टाकायला सांग.

आणि मला एवढंच कळव. पाइप बदलल्यावर, दादा असताना, स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात, बोचतं, असं घरात कधी कुणी म्हणालं होतं का? तुला आठवत असेल तर लिही. वहिनींना विचारू नकोस. का, ते विचारू नकोस. आठवत नसेल तर नाही म्हणून लिही, पण लवकर लिही.

काका


३१ जानेवारी

काका,

हे तुम्ही काय लिहिलंत? ना बरं आहेस का, ना आईची चौकशी. मला वाटलं तुम्ही आजारी आहात.

मला काही आठवत नव्हतं. म्हणून मी आईलाच विचारलं. विचारू नकोस म्हणालात, पण घरात आम्ही दोघीच. मी आणखी कुणाला विचारणार? ती म्हणाली, “हो, बाबा जायच्या त्या आठवड्यात नळाला हात लावला की बोटांत झिणझिण्या यायच्या. सकाळी-सकाळीच. मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुझी सांधेदुखी आता नळापर्यंत पोचली का?” हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता एकदम कोसळली. चार वर्षांत कधी बोलली नाही ते सगळं बोलली.

त्या दिवशी बाबा टॉवेल न घेता आंघोळीला गेले होते. नेहमीचंच. त्यांनी आतून हाक मारली, “टॉवेल दे गं.” आईचं आधीच कशावरून तरी बिनसलं होतं. ती म्हणाली, “रोज रोज कोण देणार? या तसेच.” त्यावर आतून काही उत्तर आलं नाही. तिला वाटलं, फुगले. ती पण फुगली. टॉवेल मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. काका, वीस मिनिटं. घड्याळ समोर होतं. मग उठली, गीझर उगाच जळतोय म्हणून सवयीनं बाहेरचं बटण बंद केलं आणि दार ढकललं.

तिला वाटतं, हाक मारली तेव्हाच गेली असती तर ते वाचले असते. दाराबाहेरची खुर्ची त्यासाठी आहे. आता दोन दिवस ती जेवलेली नाही. सांगा, कशाला विचारायला लावलंत तुम्ही हे?

चार्जरची काळजी सोडा. तो माणूस परवा आला, आत एक छोटी तार जोडली आणि दिवा हिरवा झाला. गाडी दोन दिवस व्यवस्थित भरतेय. खड्डा वगैरे लागला नाही.

ठिणगी


५ फेब्रुवारी

ठिणगे,

हे पत्र पोचायच्या आत लेथवाल्याकडून तुला फोन करवलाय. तरी पुन्हा लिहितो: ती छोटी तार काढून टाकल्याशिवाय चार्जर लावू नकोस.

त्यानं काय केलंय ते सांगतो. आलेली वीज परत जाते त्या तारेला आम्ही न्यूट्रल म्हणतो. ती त्यानं अर्थिंगच्या खुंटीला जोडून दिली. चार्जर शहाणा आहे. तो आधी विचारतो, घराला जमीन लागलीय का? नाही, म्हणून लाल दिवा. त्या माणसानं त्याला खोटंच ‘हो’ सांगितलं. उद्या बाहेर खांबावर ती न्यूट्रल तुटली, की तुझ्या गाडीचा पत्रा, फ्रिजचं दार आणि घरातला प्रत्येक नळ, सगळ्यांत वीज उतरेल. कारण नळ आणि अर्थिंग एकमेकांना मीच बांधून ठेवलेत.

मी दोष त्याला देत नाही. म्हणजे देतो, पण आधी माझा नंबर आहे.

वहिनींना विचारायला लावलं, हे माझं चुकलंच. तू म्हणतेस, कशाला? त्याचं उत्तर त्यांनाच द्यायला हवं. ते तुझ्या हाती देऊन ‘द्यायचं की नाही ते तू बघ’ असं म्हणणार होतो. रात्र त्यात गेली. पण ते ओझं तुझ्या डोक्यावर का? त्यांच्या नावानं वेगळं पाकीट टाकलंय. त्या वाचतील तेव्हा तू घरात राहा, एवढंच कर.

काका


५ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र बसून वाचा.

दादाचं हृदय आपसूक बंद पडलं नाही. त्याला शॉक लागला. मी तिथं नव्हतो, डॉक्टरांनी तसं काही लिहिलेलं नाही, दाखवायला माझ्याकडे पुरावा नाही. पण पन्नास वर्षं हेच काम केलंय, आणि तुमच्या बोटांना आलेल्या झिणझिण्या, बदललेला पाइप, सकाळचा गीझर, हे सगळं एका रांगेत लावलं की मला दुसरं काही दिसत नाही.

गीझर आतून खराब झाला होता. त्यातली वीज पाण्यात आणि नळात उतरत होती. घराचं अर्थिंग धड असतं तर ती जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता, दादानं मला शिव्या देत पत्र लिहिलं असतं. पण अर्थिंग मी अंगणातल्या पाइपाला बांधलेलं, आणि तो पाइप दादानं काढून प्लास्टिकचा घातला. प्लास्टिकमधून वीज जात नाही. तेव्हापासून तुमच्या घराचं अर्थिंग हवेत लोंबकळत होतं. दादाला हे कळायला मार्गच नव्हता. ती पट्टी कशाला आहे, हा पाइप काढशील तर आधी मला विचार, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

त्याहून वाईट आहे ते आता लिहितो. पाइपाला अर्थिंग करायचं नाही, असा नियम आला त्याला एक तप होऊन गेलं. तो आला तेव्हा मी माझी वही काढली, पाइपावर केलेली सगळी घरं शोधली. बेचाळीस निघाली. एकेका घरी गेलो, हात जोडून सांगितलं, खड्डे खणून घेतले, कुणी नाही म्हणालं तर स्वतः कुदळ मारली. एक्केचाळीस घरं केली. राहिलं ते तुमचं. मी म्हटलं, घरचंच काम आहे, कधीही करू. दादा दर वर्षी विचारायचा, “काय रे, आमचा नंबर लागतो की नाही?” आणि मी म्हणायचो, “तुमची रांग वेगळी, तुम्हाला चहा पाजावा लागतो.” दोघंही हसायचो. परक्यांच्या घरी मी डोळ्यांत तेल घालून काम केलं आणि माझ्या भावाला थट्टेवारी नेलं.

आता तुमच्या वीस मिनिटांबद्दल. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मला जे ठाऊक आहे ते लिहितोय. ओल्या अंगानं तसा नळ धरला की हृदय दहा सेकंदांत काम सोडतं. टॉवेल घेऊन तुम्ही धावत गेला असतात तरी गीझर चालूच होता. तुम्ही त्याला हात लावला असता, आणि ठिणगी त्या दिवशी दोघांनाही मुकली असती. तुम्ही रागावून बसलात म्हणून आज आहात. आधी बटण बंद केलंत म्हणून आहात. त्या वीस मिनिटांत तुमच्या हातून काही निसटलेलं नाही. जे निसटलं ते त्याच्या कितीतरी वर्षं आधी, माझ्या हातून.

क्षमा मागायला शब्द शोधले. चांगले सापडले नाहीत, म्हणून लिहिले नाहीत.

भाऊजी


२ मार्च

काका,

महिनाभर लिहिलं नाही. लिहायला बसले की काय म्हणून हाक मारायची तेच सुचत नव्हतं. ‘प्रिय’ लिहिलेले तीन कागद फाडले.

तुमचा फोन आला त्याच दिवशी चार्जर बंद केला. त्या माणसाऐवजी एक लायसन्सवाली बाई शोधली. तिनं फरशी फोडून खड्डा खणला, सळई पुरली, घराचं सगळं अर्थिंग नवीन केलं. तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरनं मोजलं, आकडा दोन ओहमच्या आत आला, म्हणजे विजेला जमिनीत जायची वाट मोकळी, आणि त्यानं सही दिली. गीझर काढून टाकला. त्या बाईनं तो उघडून दाखवला. आतली पाणी तापवायची कांडी चिरलेली होती. मी ती हातात घेतली, काका. पेन्सिलीएवढी जाड. एवढ्याशा वस्तूनं माझे बाबा नेले, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही.

त्या पहिल्या माणसाला मी घरी बोलावलं. तो म्हणाला, “आम्ही सगळीकडे असंच जोडतो मॅडम, अजून कुठं काही झालेलं नाही.” मी त्याला उठूच दिलं नाही. सगळीकडे म्हणजे कुठं कुठं, ते एका कागदावर लिहून घेतलं. चौदा घरं निघाली. त्यातल्या अकरा ठिकाणी मी स्वतः जाऊन आले. दोघांनी दारातूनच हाकललं. उरलेली तीन या आठवड्यात.

आईनं तुमचं पत्र एकटीनं वाचलं, घडी केली, आणि त्या दिवसापासून त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. जेवते, झोपते. मी आंघोळीला गेले तर आता बाहेर नसते. मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण ती रिकामी झाल्यासारखी वाटते.

मी रागावलेय का, असं तुम्ही विचारलं नाहीत. रागावलेय. आणि तुमची आठवणही येते. दोन्ही एकदम कसं होतं ते मला माहीत नाही.

ठिणगी


१९ मार्च

भाऊजी,

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. जमेल तसं लिहिते.

चार वर्षं मी स्वतःला गुन्हेगार धरून चालले. सकाळी उठले की आधी तेच. तुमच्या पत्रानं ते काढून घेतलं. चांगलंच झालं म्हणायचं. पण आता सकाळी उठून काय करू ते कळेना. मग तुमचा राग यायला लागला. भांडी घासताना तुमच्याशी भांडते. एक्केचाळीस घरं केलीत, आणि आमच्याकडे येऊन चहा पिऊन जात होतात. त्या पट्टीपासून चार पावलांवर बसून. हे माझ्याच्यानं गिळवत नाही. हा राग लपवून तुमच्याशी गोड बोलणं मला जमायचं नाही, म्हणून तुम्ही सध्या येऊ नका. कधी, ते मी सांगू शकत नाही. पोरीला मात्र लिहीत राहा. तिला आता बापासारखं दुसरं कुणी नाही.

तुम्ही खरं लिहिलंत. लिहिलं नसतंत तरी कुणाला कळणार नव्हतं. हे मी विसरत नाही.

एक विचारायचं आहे. पोरीला विचारू शकत नाही, डॉक्टरला विचारून उपयोग नाही. तुम्हाला स्वतःला शॉक बसलेले आहेत, तुम्हीच कधीतरी सांगत होतात. ह्यांना काही कळलं असेल का? ह्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली असेल, आणि मी रागात होते म्हणून ऐकली नसेल, असं झालं असेल का?

मला बरं वाटेल असं लिहू नका. खरं लिहा.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. आज सहावा दिवस.

मला जोराचा शॉक आयुष्यात तीनदा बसला. एकदा मी एकोणीस वर्षांचा होतो. एका कारखान्यात शिडीवर चढून पत्र्याचा डबा धरला, त्यात वीज होती. माझा सोबती तीन हातांवर उभा होता, माझ्याशीच बोलत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. मला ओरडायचं होतं. पण जबडा आवळला जातो, छाती आवळली जाते, श्वास आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. तोंडातून बारीकसा आवाजसुद्धा निघत नाही. तो सोबती बोलतच राहिला. त्याला वाटलं मी ऐकतोय. शिडी घसरली आणि मी पडलो, म्हणून वाचलो. त्यानं नंतर किती वेळा मला विचारलं, अरे, मला हाक का नाही मारलीस?

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकतो. दादानं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. त्याला मारताच आली नसणार. तुमच्या कानांनी काही गमावलेलं नाही. आतून आवाज आला नाही, तो फुगला म्हणून नव्हे.

पहिल्या प्रश्नाला मात्र मला ‘नाही’ म्हणता येत नाही. कळलं असेल. आपण काहीतरी धरलंय आणि ते सुटत नाही, एवढं कळतं. दुखतं का, तर दुखतं. भीती वाटते. मग डोळ्यांपुढं पांढरं होतं आणि पुढचं काही नाही. सात-आठ सेकंद असतील. तेवढे सेकंद तो एकटा होता, आणि ते त्याला कळत होतं.

मी तुमच्याकडे येणार नाही. ठिणगीला लिहीत राहीन. या पत्राला उत्तर द्यायची गरज नाही. पुन्हा काही विचारावंसं वाटलं, कितीही वाईट असलं, तरी विचारा. मी असेपर्यंत तुम्हाला खरं तेच लिहीन.

भाऊजी